अलिबागची अखंड नोंद



अलिबागचे नाव घेतले की डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो भर समुद्रातला कुलाबा किल्ला. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, ज्याच्या उभारणीची आज्ञा दिली आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी ज्याच्या आश्रयाने इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्या आरमारांना पश्चिम किनाऱ्यावर सुखाने वावरू दिले नाही, तो हा किल्ला. कान्होजींची समाधी याच गावात आहे. ओहोटी लागली की पायी किल्ल्यात जाता येते, म्हणून सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर माणसांची जत्रा लोटते. परंतु त्याच किनाऱ्यालगत एका शांत आवारात दुसरे एक ठाणे १९०४ पासून उभे आहे. तेथे पहारा चालतो तो शत्रूच्या गलबतांवर नव्हे, तर पृथ्वीच्या आणि सूर्याच्या अदृश्य हालचालींवर. अलिबागची चुंबकीय वेधशाळा हे त्या ठाण्याचे नाव.

वेधशाळा म्हटले की सर्वसामान्य माणसाला दुर्बीण आठवते, किंवा पावसाचा अंदाज. या वेधशाळेत आकाशाकडे रोखलेली मोठी दुर्बीण नाही आणि पावसाशीही तिचा संबंध नाही. पृथ्वी हा एक महाकाय लोहचुंबक आहे. त्या चुंबकाचे बल आणि त्याची दिशा अलिबागच्या जागी क्षणोक्षणी कशी बदलते, एवढेच येथे मोजले जाते. ऐकताना हे काम अगदीच किरकोळ वाटते. परंतु या किरकोळ वाटणाऱ्या कामापुढे आज जगातील अंतराळशास्त्रज्ञ आदराने थांबतात, याचे कारण अलिबागची नोंद एकटी नाही. तिच्या मागे मुंबईच्या कुलाब्याची नोंद जोडलेली आहे, आणि ही जोडसाखळी थेट १८४१ पर्यंत मागे जाते. चुंबकीय निरीक्षणांची इतकी दीर्घ आणि सलग परंपरा असलेली ठिकाणे जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

येथे नावांचा थोडा घोटाळा होतो, तो आधी दूर केला पाहिजे. कुलाबा हे मुंबई बेटाचे दक्षिण टोक. कुलाबा हेच अलिबागच्या किल्ल्याचेही नाव आणि १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळेपर्यंत या जिल्ह्याचेही नाव. वेधशाळा एका कुलाब्यातून निघाली आणि दुसऱ्या कुलाब्यात येऊन स्थिरावली, असे म्हटले तर ते शब्दशः खरे ठरते.

मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली ती मूलतः खगोलीय वेधांसाठी. बंदरात येणाऱ्या गलबतांना अचूक वेळ हवी असे, आणि अचूक वेळ तारे पाहूनच मिळे. कंपनीचा हेतू व्यापाराचा होता. ज्ञानदानाचा आव तिने आणण्याचे कारण नव्हते. पुढे जर्मनीत गाऊस या थोर गणितज्ञाने जगभर एकाच वेळी चुंबकीय निरीक्षणे करण्याची कल्पना मांडली, इंग्लंडने ती उचलली आणि साम्राज्याच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत चुंबकीय उपकरणे पोहोचली. १८४१ मध्ये ती कुलाब्यात काम करू लागली.

हेतू परक्यांचा, उपकरणे परक्यांची. परंतु त्या उपकरणांशी बसून डोळे शिणवणारी माणसे कोण होती? मराठी वाचकाला ठाऊक असलेली दोन नावे येथे भेटतात. पहिले बाळशास्त्री जांभेकरांचे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करून मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घालणारे बाळशास्त्री काही काळ कुलाबा वेधशाळेचे प्रमुख होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पत्रकार दिनाला त्यांच्या तसबिरीला हार घालतानाही नाही. दुसरे नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. केरूनाना हे अष्टागरातले, अलिबागजवळच्या नागावचे. म्हणजे जी वेधशाळा पुढे अलिबागला आली तिच्या पहिल्या भारतीय साहाय्यकांपैकी एक अलिबागच्याच मातीतला होता. पोरसवदा वयात, १८४० च्या अखेरीस, ते ऑर्लिबार या प्राध्यापकांच्या हाताखाली कुलाब्यात रुजू झाले आणि जवळजवळ दहा वर्षे तेथे राहिले. वेध घेणे म्हणजे काय, आकडा लिहिताना हात का थरथरता कामा नये, हे त्यांनी तेथे आत्मसात केले. पुढे पुण्यास ते गणिताचे अध्यापक झाले आणि डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक हे नाव होते.

केरूनानांच्या चरित्रातील एक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्या पंचांगांतील ग्रहांची स्थाने आणि आकाशातील प्रत्यक्ष ग्रह यांचा मेळ बसेनासा झाला होता. पूर्वजांनी सर्व काही सांगून ठेवले आहे, आपण फक्त ते वाचावे, असे म्हणून टाळ्या मिळवणारे वक्ते तेव्हाही होते आणि आजही ते कमी नाहीत. केरूनानांची पूर्वजांवर श्रद्धा कमी नव्हती. परंतु त्यांनी पाश्चात्य ग्रंथांतील सूक्ष्म गणित घेतले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत सिद्ध केला आणि दृक्प्रत्ययाला उतरेल असे पंचांग करण्याचा पाया घातला. आर्यभट, भास्कराचार्य यांचा खरा वारसा तो हाच. ग्रहणाचे गणित चुकले तर गणित सुधारावयाचे, आकाशाला दोष द्यावयाचा नाही.

केरूनाना पुण्यास गेल्यावरही कुलाब्याचे काम चालू राहिले. त्या काळी स्वयंचलित नोंद नव्हती. रेशमी धाग्याला टांगलेला चुंबक किंचित फिरे, त्याचे फिरणे दुर्बिणीतून पट्टीवर वाचावयाचे आणि वहीत आकडा लिहावयाचा. तास झाला की पुन्हा तेच. दिवसा, रात्री, मुसळधार पावसात, सणावारी. १८४६ पासूनच्या अशा नोंदी व्यवस्थित राखल्या गेल्या आहेत. हे आकडे लिहिणाऱ्या साहाय्यकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत.

त्या अनामिकांच्या कष्टाचे मोल कळले ते एकोणिसाव्या शतकातील एका असाधारण घटनेमुळे, आणि तेही जवळजवळ दीडशे वर्षांनंतर.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलप्रेमी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होता. अचानक डागांच्या एका समूहावर डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश उमटला आणि पाच मिनिटांत मावळला. मानवाने पाहिलेला हा पहिला नोंदलेला सौरभडका. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ आदळले की युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारा चालू राहिल्या. ध्रुवप्रदेशात दिसणारा ध्रुवप्रकाश कॅरिबियन समुद्रातील बेटांवरून दिसला. उत्तरेकडील अनेक वेधशाळांत उपकरणांचे काटे पट्टीच्या बाहेर गेले आणि नोंद तुटली.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्यात नोंद तुटली नाही. चुंबक बेभान हलू लागताच निरीक्षकांनी तासाची वाट पाहिली नाही, अंतर कमी करून दर काही मिनिटांनी आकडे टिपले. हिंदुस्थानात १८५७ च्या स्वातंत्र्यसमराचा वणवा नुकताच विझवला जात होता, राज्य कंपनीकडून राणीकडे जाऊन वर्षही उलटले नव्हते. आणि या सर्व उलथापालथीत कुलाब्याच्या त्या खोलीत कोणीतरी शांतपणे आकडे लिहीत होते.

ते आकडे वहीत पडून राहिले. २००३ मध्ये अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी व ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष सिंह लखीना आणि शोभना अलेक्स यांनी त्या नोंदी पुन्हा अभ्यासून प्रबंध प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. तुलनेसाठी एवढेच लक्षात घ्यावे की मार्च १९८९ मधील ज्या वादळाने कॅनडाच्या क्युबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले, त्याची तीव्रता दर्शविणारा निर्देशांक उणे ५८९ होता. कुलाब्यातील त्या प्रचंड घसरणीत कोणत्या विद्युत्प्रवाहाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे, आणि एका ठिकाणच्या क्षणिक घसरणीची जागतिक सरासरीशी सरळ तुलना करता येत नाही हेही खरे. परंतु वाद घालावयाचा तरी कुलाब्याच्याच आकड्यांवर घालावा लागतो.

कुलाब्याच्या आकड्यांना एवढे महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. सूर्याकडून येणारे भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय कवचात अडकले की पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर खूप उंचावर, एक वर्तुळाकार विद्युत्प्रवाह बळावतो. या प्रवाहामुळे जमिनीवरील क्षितिजसमांतर चुंबकीय बल कमी होते. वादळ किती मोठे, हे या घसरणीवरून ठरते. ध्रुवांजवळच्या वेधशाळांत ध्रुवप्रकाशाचे प्रवाह मध्ये येतात आणि चित्र गढूळ होते. अगदी विषुववृत्ताखाली, आपल्या तिरुनेलवेलीसारख्या ठिकाणी, दिवसा वाहणारा दुसराच एक प्रवाह आड येतो. मुंबई-अलिबागचे स्थान या दोन्ही टोकांपासून दूर आहे, म्हणून येथे वादळाची प्रतिमा बऱ्यापैकी स्वच्छ उमटते. निसर्गाने दिलेली ही जागा आहे, ती विकत मिळत नाही.

या नोंदींना शास्त्राचे रूप देणारा पुरुष म्हणजे नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस. योगायोग असा की त्यांचा जन्म १८५९ चाच. दुधात साखर विरघळावी तसा या भूमीशी एकरूप झालेल्या पारशी समाजाचे ते रत्न. एडिंबरोत शिकून आलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी चाळल्या, तपासल्या आणि त्यांच्या विवेचनासह दोन खंडांत १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या काळी गणकयंत्र नव्हते. लाखो आकड्यांच्या बेरजा आणि सरासऱ्या हातांनी झाल्या. अनेक वादळे एकावर एक ठेवून, प्रत्येकाचा आरंभ जुळवून, मूस यांनी वादळाचे एक सर्वसाधारण चरित्र शोधले: आरंभी बल अचानक किंचित वाढते, मग झपाट्याने घसरते आणि मग काही दिवस हळूहळू पूर्वपदावर येते. सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञाने वादळांचा जो सिद्धांत पुढे उभारला त्याला मूस यांच्या या कामाचा आधार होता. चॅपमनचे नाव पाठ्यपुस्तकांत आहे. मूस यांचे नाव मुंबईतील किती महाविद्यालयांत उच्चारले जाते?

मूस यांच्यासमोर एक संकट उभे राहिले ते विजेच्या ट्रामचे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती, तिचा चुंबकाला उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामचा प्रवाह मात्र रुळांवाटे जमिनीत उतरतो आणि आसपासच्या चुंबकीय मापनाचा सत्यानाश करतो. एकीकडे शहराची वाढती गरज, दुसरीकडे साठ वर्षांची सलग नोंद. ट्राम रोखणे शक्य नव्हते आणि नोंद तुटू देणे मूस यांना मान्य नव्हते. तोडगा निघाला तो असा. कुलाब्यापासून आग्नेयेकडे, खाडीपलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागला नवी जागा निवडली गेली. तेथे वेधशाळेच्या इमारती बांधल्या गेल्या त्या पोरबंदरी दगडात, आणि तो दगडही चुंबकीय नाही याची परीक्षा करून. बिजागऱ्या, कड्या, खिळे लोखंडाचे वापरावयाचे नाहीत. तांबे, पितळ चालेल. दिवसरात्रीतील तापमानाचा फरक उपकरणांपर्यंत पोहोचू नये म्हणून खोलीच्या आत खोली अशी रचना झाली.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची. १९०४ मध्ये अलिबागची उपकरणे सुरू झाल्यावर कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंद घेतली, दोहोंतील फरक नेमका काढला, आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबवले. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. त्यामुळे शास्त्रज्ञाला १८५० चा आकडा आणि आजचा आकडा एकाच मापाने तोलता येतो. नियोजन हा शब्द आपण फार सैल वापरतो. सव्वाशे वर्षांपूर्वी, परक्या राजवटीत, एका भारतीय संचालकाने ते कसे करावे हे दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर हे काम हवामान खात्याकडे होते. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे आहे, तिच्या वेधशाळा देशाच्या निरनिराळ्या भागांत आहेत आणि तिचे शास्त्रज्ञ अंटार्क्टिकातील भारतीय तळांवरही मोजमाप करतात. अलिबाग हे या साऱ्या पसाऱ्यातील मूळपीठ. प्रकाशचित्रण कागदावर उमटणारी रेषा जाऊन आता संगणकात आकडे साठतात. तरीही ठराविक दिवशी प्रशिक्षित माणसाने आत जाऊन चुंबकविरहित थिओडोलाइटने मूळ मापन करून यंत्राची पडताळणी करावीच लागते. आत जाताना किल्ल्यांचा जुडगा, पट्ट्याचे बक्कल, भ्रमणध्वनी सारे बाहेर ठेवावयाचे. मंदिरात पादत्राणे बाहेर काढतो तसेच म्हणा.

याचा उपयोग काय, हा प्रश्न कर भरणाऱ्या नागरिकाने विचारला तर तो गैर नाही. खनिज आणि तेल शोधणारी सर्वेक्षणे चुंबकीय मापनावर चालतात, आणि त्या दिवशी सूर्याने किती गोंधळ घातला होता हे वजा करण्यासाठी त्यांना जवळच्या वेधशाळेचा आकडा लागतो. नकाशावरील होकायंत्राची दुरुस्ती वर्षागणिक बदलते, कारण पृथ्वीच्या पोटात २९०० किलोमीटर खोलीवर उकळणारा लोहरस स्वस्थ नाही. ते संथ बदल कळतात ते अशाच दीर्घ नोंदींतून. शिवाय उपग्रह आहेतच. फेब्रुवारी २०२२ मध्ये एक साधेसे चुंबकीय वादळ आले, वरचे विरळ वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेले अडतीस स्टारलिंक उपग्रह खाली येऊन जळाले. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतील सर्वांत मोठे वादळ आले तेव्हा लडाखमध्ये हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या छायाचित्रकांनी तांबडे आकाश टिपले. भारत ध्रुवांपासून दूर असल्याने आपल्या वीजजाळ्याला धोका कॅनडाइतका नाही. परंतु मार्गदर्शक उपग्रह, दूरसंचार, विमानवाहतूक यांवर आपण जितके विसंबतो आहोत तितका हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे.

यासाठीच भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ हे यान सोडले. कुलाब्यात ते वादळ टिपले गेले त्या दिवसाला बरोबर १६४ वर्षे झाली होती. ६ जानेवारी २०२४ रोजी, बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’च्या दिवशी, यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. तारखा अर्थातच योगायोगाच्या. या यानावर सौरवाऱ्याचे चुंबकत्व मोजणारे उपकरण आहे. सूर्याकडून निघालेला झंझावात आधी यानाला जाणवतो आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात पृथ्वीवर पोहोचतो. तो पोहोचला का, किती जोराने पोहोचला, हे सांगण्याचे काम जमिनीवरच्या अलिबागसारख्या ठाण्यांचे. अवकाशातील डोळा आणि जमिनीवरची नाडी, दोन्ही आपल्या हाती असलेले देश फार नाहीत.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. मांडव्याला मुंबईहून मोटारीसह येणारी बोट २०२० मध्ये सुरू झाली. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. अलिबाग मुंबईच्या अंगणात आले. शनिवार-रविवारची घरे, बंगले, हॉटेले, रुंद रस्ते यांची रांग लागली आहे, आणि स्थानिक माणसाच्या हाताला त्यातून काम मिळते, जमिनीला भाव येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोकणाने अजून किती वर्षे मनीऑर्डरवर जगावयाचे? विकासाची मागणी रास्तच आहे. परंतु प्रत्येक नव्या इमारतीच्या खांबांत टनावारी लोखंडी सळ्या असतात, प्रत्येक वाहन म्हणजे हलते लोखंड असते. अलिबागच्या चुंबकीय क्षेत्राचे एकूण बल चाळीस हजार नॅनोटेस्लांहून थोडे अधिक आहे आणि वेधशाळेला त्यातील एक नॅनोटेस्लाचा फरक ओळखावयाचा असतो. वेधशाळेच्या भिंतीशेजारी कोणी सद्हेतूने लोखंडी पत्र्याची शेड उभारली तरी तो आकडा बिघडतो, आणि शेड उभारणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

कल्पना नसणे हाच येथील खरा धोका आहे. परकीयांनी नष्ट केलेल्या ज्ञानकेंद्रांविषयी आपण हळहळतो, तसे हळहळणे योग्यही आहे. परंतु आपल्याच गावातील, आपल्याच माणसांनी जपलेले एक ज्ञानकेंद्र आपल्या अज्ञानापोटी निकामी झाले, तर त्याचा दोष कोणत्या आक्रमकावर टाकणार? अलिबागच्या शाळांतील मुलांना किल्ल्याची सहल घडते. त्याच फेरीत वेधशाळेच्या अधिकाऱ्यांची रीतसर अनुमती घेऊन एका वर्गाला हे आवार पाहता आले, नागावच्या शाळेत केरूनानांची गोष्ट सांगितली गेली, बांधकामाची परवानगी देणाऱ्या कार्यालयात वेधशाळेच्या आसपासचा परिसर नकाशावर वेगळ्या रंगात दाखवला गेला, तर यासाठी कोणत्याही मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

वेधशाळा हलवावी, असा सल्ला कोणी सहज देईल. कुलाब्याहून अलिबागला हलवली, तशी अलिबागहून आणखी पुढे. हे अशक्य नाही. परंतु तसे करावयाचे असेल तर आधी चुंबकीयदृष्ट्या शांत जागा शोधावी लागेल, लोखंड वर्ज्य करून इमारती बांधाव्या लागतील आणि मूस यांनी केले तसे किमान दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकत्र नोंद घ्यावी लागेल. त्या दोन वर्षांत जुन्या जागेवरील शांतता टिकलेली असली पाहिजे. अलिबागची शांतता आधीच भंगली असेल, तर तुलना कशाशी करणार?